कॉस्च्युम सैल का पडतो, रंग का विटतो? रोज पोहणाऱ्यांसाठी कापडाची ओळख

मार्च-एप्रिल आला की तलावांवरच्या बॅचेस भरतात. मुंबईत दादर, चेंबूर, कांदिवलीच्या जुन्या तलावांच्या जोडीला महापालिकेने गेल्या काही वर्षांत नवे तलाव सुरू केले. पुण्यात टिळक तलावापासून बालेवाडीपर्यंत पहाटेची गर्दी असते. हौसेने नवा कॉस्च्युम घेतला जातो आणि पावसाळा लागायच्या आत तक्रार सुरू होते: मागून लोंबायला लागला, काळ्याचा तपकिरी झाला, ताणला की आरपार दिसतं. दुकानदार म्हणतो, तुमच्या तलावात क्लोरीन जास्त असेल. तलावावरचे म्हणतात, कापड हलकं असेल. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे, पण उत्तराचा मोठा भाग कॉस्च्युमच्या आत शिवलेल्या बोटभर पट्टीवर छापलेला असतो. ती पट्टी वाचता आली, तर पुढचं सगळं सोपं आहे.

## पट्टीवर काय पाहायचं

बाजारातल्या बहुतेक कॉस्च्युमच्या पट्टीवर ८० टक्के नायलॉन आणि २० टक्के इलास्टेन, किंवा त्याच्या आसपासचं प्रमाण असतं. नायलॉनच्या जागी कधी ‘पॉलिअमाइड’ लिहितात, इलास्टेनच्या जागी ‘स्पॅन्डेक्स’ किंवा ‘लायक्रा’. वस्तू तीच. नायलॉन कापडाला अंग देतं आणि इलास्टेन ताण. म्हणजे कॉस्च्युम अंगाला चिकटून राहतो तो त्या २० टक्क्यांच्या जोरावर, आणि आधी मरतो तोही तेवढाच भाग.

## ताण धरणारा धागा आधी का जातो

इलास्टेनचा धागा आपल्या लांबीच्या पाच-सहा पट ताणला जातो आणि सोडला की जागेवर येतो. १९५८ मध्ये अमेरिकेत ड्युपॉन्ट कंपनीच्या जोसेफ शिव्हर्स यांनी तो तयार केला. आतून हा धागा म्हणजे पॉलियुरेथेनच्या लांबच लांब साखळ्या. त्यात मऊ, गुंडाळून बसलेला भाग आणि कडक भाग आलटून-पालटून येतात. गजरा डोळ्यांसमोर आणा. मऊ भाग म्हणजे दोरा, कडक भाग म्हणजे त्यावर मारलेल्या गाठी. दोरा ओढला तरी गाठी पक्क्या असतील तोवर गजरा गजराच राहतो. क्लोरीन या साखळ्यांमधल्या नायट्रोजन असलेल्या सांध्यांवर हल्ला करतं, आणि गाठी एकेक करून सुटत जातात.

कापड मात्र वरून धडधाकट दिसत राहतं, कारण नायलॉन अजून शाबूत असतं. म्हणून कॉस्च्युम फाटत नाही, झोळ पडतो. बसण्याची जागा आणि पोट इथे ताण जास्त, तिथे आधी. पुढे आत तुटलेल्या धाग्यांची टोकं पांढऱ्या केसांसारखी वर येतात. ताणल्यावर बारीक कुरकुर ऐकू येते, सोडल्यावर कापड सुरकुतलेलं राहतं. या टप्प्यावरून परत फिरता येत नाही. गरम पाण्यात घालून आक्रसवण्याचा प्रयत्न केला, तर उरलेलं इलास्टेनही जातं.

## तलावातलं पाणी: थोडं क्लोरीन, पण रोज

नीट सांभाळलेल्या तलावात मुक्त क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम असतं, म्हणजे लिटरभर पाण्यात १ ते ३ मिलिग्रॅम. एका दिवसात याने काही होत नाही. पण आठवड्याला पाच दिवस, तासभर असं मोजलं तर महिन्याला वीसेक तास होतात, आणि हा मार साठत जातो.

आकडा तोच असला तरी पाणी सारखं नसतं. क्लोरीनचं पाण्यात हायपोक्लोरस आम्ल होतं. जंतू तेच मारतं, आणि कापडाला जास्त लागतं तेही तेच. पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीपणाचं माप, ७.५ च्या आसपास असतो तेव्हा निम्मं क्लोरीन या तिखट रूपात असतं. पीएच खाली घसरला की हे प्रमाण वाढतं. तलावासाठी ७.२ ते ७.८ ही मर्यादा मुख्यतः डोळे, त्वचा आणि जंतुनाशनासाठी असते, पण कॉस्च्युमचं भलंही त्यातच आहे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. उघड्या तलावात ऊन क्लोरीनला मोडतं, त्यामुळे दिवसभरात ते कमी होत जातं. औषध टाकायचं काम रात्री, तलाव रिकामा झाल्यावर केलं जात असेल, तर पहाटेच्या पहिल्या बॅचला सगळ्यात तेज पाणी मिळतं. सकाळी साडेपाचला उतरणारा आणि संध्याकाळी पाचला उतरणारा एकाच तलावात पोहत असले, तरी दोघांचे कॉस्च्युम सारखे टिकणार नाहीत.

तलावावरचा उग्र वास म्हणजे क्लोरीन जास्त, अशी समजूत आहे. तो वास बहुतांशी क्लोरामाइनचा असतो: घाम, लघवी आणि अंगावरचा मळ यांच्याशी क्लोरीनचा संयोग झाला की ती तयार होतात. उतरण्याआधी साबणाने अंघोळ करा ही पाटी त्यासाठीच असते, आणि ती मनापासून पाळण्यासारखी आहे.

## मग कोणतं कापड घ्यायचं

आठवड्यातून चार-पाच दिवस पोहणाऱ्याने पट्टीवर पॉलिस्टर आणि पीबीटी हे दोन शब्द शोधावेत. आणि इलास्टेन नसलेलं पाहावं.

पीबीटी हे पॉलिस्टरचंच भावंड. नेहमीच्या पॉलिस्टरच्या साखळीत दोन कार्बनचा दुवा असतो, पीबीटीत चार कार्बनचा. दुवा लांब म्हणून साखळी जास्त लवचीक. शिवाय धाग्याला कारखान्यात बारीक कुरळेपणा दिलेला असतो. ताण येतो तो या कुरळेपणातून आणि विणीतून, त्यामुळे इलास्टेनची गरज उरत नाही. पॉलिस्टरच्या साखळीत क्लोरीनला धरायला सोपे असे नायट्रोजनचे सांधेच नाहीत. स्पीडोच्या ‘एन्ड्युरन्स’ कापडाची मूळ कल्पना हीच आहे. निम्म्याच्या आसपास पॉलिस्टर, उरलेलं पीबीटी, असं प्रमाण इतर कंपन्यांच्या सरावाच्या कॉस्च्युममध्येही दिसतं.

इथे एक अडचण येते. पीबीटी तांत्रिकदृष्ट्या पॉलिस्टरच असल्यामुळे काही पट्ट्यांवर नुसतं ‘१०० टक्के पॉलिस्टर’ छापलेलं असतं. मग हाताने पाहायचं. कापड आडवं आणि उभं दोन्हीकडे ताणा. दोन्हीकडे ताणून लगेच जागेवर आलं, तर ते सरावाच्या कॉस्च्युमचं कापड. मुळीच ताणलं गेलं नाही, तर ते बीचवर घालायच्या चड्डीचं.

असं कापड मिळालं नाही किंवा अंगाला कडक वाटलं, तर दुसरी पसंती पॉलिस्टर आणि क्लोरीन सोसणारं इलास्टेन. हे इलास्टेन बनवतानाच त्यात झिंक ऑक्साइडसारखी खनिजं मिसळतात, ती क्लोरीनचा मार काही प्रमाणात स्वतःवर घेतात. ‘एक्स्ट्रा लाइफ लायक्रा’ हे या प्रकारातलं ओळखीचं नाव. तिसरी पसंती नायलॉन आणि हेच सुधारित इलास्टेन: स्पर्श मऊ, ताण चांगला, रंगाची हमी मात्र कमी. साधं नायलॉन-इलास्टेन शेवटी.

## पॉलिस्टरवर रंग जास्त का टिकतो

नायलॉन थोडं पाणी पितं. दमट हवेत ते वजनाच्या सुमारे ४ टक्के ओल धरतं, पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. जिथे पाणी शिरतं तिथे क्लोरीनही शिरतं. नायलॉन बहुधा आम्लरंगांनी रंगवतात, ते धाग्याला विद्युतभाराच्या ओढीने धरून असतात आणि क्लोरीनने त्यांचा रंगकण मोडला की कापड फिकं पडतं. पॉलिस्टर १३० अंश सेल्सिअसच्या आसपास, दाबाखाली रंगवतात. त्या उष्णतेत धागा सैलावतो, रंगाचे कण आत जातात, आणि थंड झाल्यावर धागा त्यांच्याभोवती मिटतो. क्लोरीन बाहेर, रंग आत. याहून पुढची पायरी म्हणजे धागा ओढण्याआधीच वितळलेल्या पॉलिस्टरमध्ये रंग मिसळणं. असं कापड मिळालं तर डोळे मिटून घ्यावं.

“मी तर नेहमी काळाच घेतो, रंग जायचा प्रश्नच नाही,” असं म्हणणारे भेटतात. काळा हा बहुतेक वेळा दोन-तीन रंगांच्या मिश्रणातून साधलेला असतो. त्यातला एक आधी गेला की काळ्याचा तपकिरी, हिरवट किंवा जांभळट होतो. नायलॉनवरचा काळा म्हणूनच फसवतो. पॉलिस्टरवरचा गर्द निळा किंवा काळा खरोखर टिकतो. सगळ्यात लवकर विटतात ते चमचमणारे फ्लोरोसंट रंग: पोपटी, नारिंगी, गुलाबी. लहान मुलांना ते रंग घ्यावेत, पाण्यात मूल चटकन दिसतं, आणि कॉस्च्युम विटायच्या आत बहुधा आखूड झालेला असतो.

छापील नक्षीचा कॉस्च्युम घेताना तो दुकानातच दोन्ही हातांनी ताणून पाहा. नक्षीच्या मधून पांढरं दिसलं, तर रंग वरच्या थरापुरताच आहे. अंगावर चढल्यावर तेच पांढरं दिसत राहील.

## ‘क्लोरीन-रेझिस्टंट’ असं लिहिलंय, तेवढं पुरे नाही का?

नाही. हे शब्द कोणीही छापू शकतं. रंगासाठी आयएसओ १०५-ई०३ ही चाचणी आहे. त्यात कापडाचा तुकडा लिटरला २०, ५० किंवा १०० मिलिग्रॅम क्लोरीन असलेल्या पाण्यात, २७ अंशाला, तासभर ठेवतात आणि रंग किती बदलला याला १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे काहीच बदल नाही. २० ची पातळी किनाऱ्यावरच्या कपड्यांसाठी, ५० आणि १०० पोहण्याच्या कपड्यांसाठी. एखादी कंपनी ही चाचणी कुठल्या पातळीवर केली आणि गुण किती, हे सांगत असेल तर तिच्यावर विश्वास ठेवायला जागा आहे. पण ही चाचणी रंगाची आहे, ताणाची नाही. रंग पक्का आणि ताण गेलेला, असा कॉस्च्युम सहज होऊ शकतो. म्हणून पुन्हा पट्टीवरचे टक्केच पाहायचे.

‘यूपीएफ ५०+’ हा शिक्का उन्हापासून त्वचेच्या संरक्षणाचा आहे, क्लोरीनशी त्याचा संबंध नाही. मासेमारीच्या जुन्या जाळ्यांतून वगैरे परत मिळवलेलं नायलॉन पर्यावरणासाठी चांगलं असेल, पण रसायन तेच नायलॉनचं, आणि सोबत इलास्टेनही तेच. ते जास्त टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये.

## आमच्याकडे मिठाच्या पाण्याचा पूल आहे

सोसायट्यांत आणि हॉटेलांत आता असे पूल दिसतात. त्यात मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागच्या जागी क्लोरीनच तयार करतात. पाण्याला उग्र वास कमी येतो, डोळे कमी चुरचुरतात, कारण मात्रा सारखी राहते. पण कापडाच्या दृष्टीने तो क्लोरीनचाच पूल आहे.

## अंगाला कडक लागतं, आणि महागही

दोन्ही खरं आहे. पॉलिस्टर-पीबीटीचा कॉस्च्युम चढवायला जड जातो, खांद्याच्या पट्ट्या पहिले काही दिवस रुततात. नायलॉन-लायक्रामध्ये ३४ मापाचा बसत असेल, तर यात बरेचदा ३६ लागतो. कापड सैलावेल या भरवशावर लहान माप घेऊ नका, ते फारसं सैलावत नाही. हात पूर्ण वर करून, मग खाली वाकून पाहा. खांद्यावर खेच आली तर माप चुकलं.

ज्यांना छातीला किंवा पोटाला घट्ट आधार हवा, बाळंतपणानंतर पोहायला सुरुवात करताना किंवा मोठ्या मापात, त्यांना इलास्टेनशिवाय तो आधार मिळणं अवघड. त्यांनी सुधारित इलास्टेनचा कॉस्च्युम घ्यावा आणि तो थोडा लवकर बदलावा लागेल हे धरून चालावं. स्पर्धेच्या सूटचं गणित तर पूर्ण वेगळं. २००८-०९ मध्ये पॉलियुरेथेनच्या सूटनी विक्रमांचा धडाका लावला, आणि १ जानेवारी २०१० पासून आंतरराष्ट्रीय जलतरण महासंघाने असे सूट बंद करून फक्त विणलेल्या कापडाला मान्यता ठेवली. आजचे स्पर्धेचे सूटही घट्ट पकडीसाठी बनतात, टिकण्यासाठी नाही. सरावाला ते घालणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

किमतीचा हिशेब नगावर न करता तासांवर करावा. समजा, ८०० रुपयांचा साधा कॉस्च्युम चार महिने चालला आणि २,००० रुपयांचा पीबीटीचा सोळा महिने. महिन्याला २० तास धरले तर पहिला तासाला १० रुपये पडतो, दुसरा सव्वासहा. आकडे उदाहरणाचे आहेत, आपले घालून पाहा. आठवड्यातून एकदा किंवा फक्त मे महिन्यात पोहणाऱ्याचा हिशेब उलटा येईल, आणि त्याने खुशाल मऊ नायलॉन-लायक्रा घ्यावा.

## कापड चांगलं, पण कड गेली

पीबीटीच्या कॉस्च्युमचं हे ठरलेलं दुखणं. मुख्य कापड वर्षभर टिकतं, पण मांडीच्या कडेला घातलेलं इलॅस्टिक, खांद्याच्या पट्ट्या आणि आतलं अस्तर वेगळ्या मालाचं असतं. अस्तर बहुधा नायलॉन-इलास्टेनचं. कडेचं इलॅस्टिक साधं असेल, तर ते आधी फुगतं, मग चुरा होऊन गळायला लागतं. घेताना कड उलटी करून बोटाने ताणा आणि सोडा, ती लगेच परत यायला हवी. टाके नागमोडी किंवा ओव्हरलॉकचे हवेत. सरळ टाका ताणाबरोबर तुटतो. साखळी (झिप) असेल तर प्लॅस्टिकची. धातूची गंजते आणि तिचा डाग कापडावर बसतो.

## रोज धुतो, तरी का जातो?

कसं धुतो यावर आहे. पाण्यातून बाहेर आल्याबरोबर, कपडे बदलायच्या आधीच, शॉवरखाली कॉस्च्युम अंगावर असतानाच मिनिटभर भिजवा. ओला कॉस्च्युम प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबून ऑफिसला नेला आणि संध्याकाळी धुतला, तर तासाभराचं पोहणं कापडाला बारा तासांचं पडलं.

घरी आल्यावर अर्धी बादली थंड पाण्यात वीस मिनिटं बुडवून ठेवा. आठवड्यातून एकदा त्या पाण्यात हायपोचे चार-पाच खडे टाका. माशांच्या टाकीचं पाणी क्लोरीनमुक्त करायला दुकानात मिळतं तेच हे, सोडियम थायोसल्फेट. कापडात उरलेलं क्लोरीन ते निष्प्रभ करतं. त्यानंतर साध्या पाण्यातून खळबळून काढायचं. सौम्य द्रव साबण दोन-तीन दिवसांनी एकदा, थेंबभर. कपड्यांची नेहमीची पावडर नको, मऊपणा आणणारं कंडिशनर नको, ब्लीच तर नकोच. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरून ठेवा. खांद्याच्या पट्ट्यांवर टांगला तर पाण्याच्या वजनाने लांबतो. वॉशिंग मशिनचा ड्रायर म्हणजे इलास्टेनचा अंत.

उतरण्याआधी कॉस्च्युम नळाच्या पाण्याने भिजवावा, असा सल्ला जुने पोहणारे देतात. नायलॉनच्या बाबतीत त्याचा थोडा उपयोग होतो, धागा आधी साधं पाणी पितो. पण हे कवच तासभर टिकत नाही, म्हणून त्यावर फार विसंबू नये.

सनस्क्रीन आणि अंगाला लावलेलं तेल हाही इलास्टेनचा शत्रू. सनस्क्रीनचे पिवळे डाग बरेचदा अवोबेन्झोन या घटकाचे असतात. पाण्यातल्या लोहाशी जुळून ते गंजाच्या रंगाचे होतात आणि ब्लीचने आणखी गडद होतात. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या तलावांत हे जास्त दिसतं. सनस्क्रीन लावून पंधरा-वीस मिनिटं थांबा, मुरू द्या, मग कॉस्च्युम चढवा. आणि तलावाच्या खरखरीत काठावर बसताना खाली टॉवेल घ्या, पॉलिस्टरवर गोळे येतात ते तिथे घासून.

दोन कॉस्च्युम आलटून-पालटून वापरले तर इलास्टेनच्या धाग्याला पूर्ण वाळायला आणि मूळ लांबीवर यायला दिवसभर मिळतो. एक आज, दुसरा उद्या. ज्यांच्या पट्टीवर इलास्टेन आहे, त्यांनी हे नक्की करावं.

## शिंप्याकडून शिवून घेणार असाल तर

पायघोळ किंवा फ्रॉकचा कॉस्च्युम अनेक जणी शिवून घेतात. कापडाच्या दुकानात ‘फोर-वे लायक्रा’ मागितलं की नायलॉनचंही येतं आणि पॉलिस्टरचंही. विचारून पॉलिस्टरचं घ्या. वजन १८० ते २२० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. त्याहून पातळ ओलं झालं की आरपार दिसतं. शिवायला टाकण्याआधी तळहाताएवढे दोन तुकडे कापा. एक तसाच ठेवा. दुसऱ्यासाठी काचेच्या भांड्यात लिटरभर पाणी घेऊन त्यात अडीच मिलिलिटर घरगुती द्रव ब्लीच घाला. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ४ टक्के असेल तर हे पाणी साधारण १०० पीपीएमचं होतं. त्यात दुसरा तुकडा चोवीस तास झाकून ठेवा. ब्लीचचं पाणी तलावापेक्षा अल्कली असतं, त्यामुळे ही चाचणी काहीशी सौम्यच आहे. म्हणून त्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालून तिखट करायच्या फंदात मात्र पडू नका, विषारी क्लोरीन वायू सुटतो. दुसऱ्या दिवशी धुऊन, वाळवून दोन्ही तुकडे खिडकीच्या उजेडात शेजारी धरा, मग दोन्ही सारखेच ताणून सोडा. रंगात फरक दिसला किंवा भिजवलेला तुकडा सावकाश परत आला, तर त्या थानातलं कापड घेऊ नका. दोन्ही सारखे असतील तर शिवायला टाका, आणि शिंप्याला कडेला कॉस्च्युमचं इलॅस्टिकच घालायला सांगा, परकराचं नव्हे.